देवास गेटच्या नळाचे कागद

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. निवृत्त माणसाकडे तर फारच. चार मित्र चहाला आले की मी एखादा सांगतो, ते हसतात. ते गेल्यावर मला वाटतं, यात हसण्यासारखं काय होतं? आणि मी बरोबर तरी सांगितलं का? जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या माणसाचा स्वतःच्याच सांगण्यावर विश्वास नसावा, हाही एक किस्साच!

तर उज्जैन. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं. देवास गेटच्या बसअड्ड्याजवळ एक सार्वजनिक नळ होता. सार्वजनिक खरा, पण ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांनी हात लावायचा नाही. एका सकाळी वस्तीतली माणसं घागरी घेऊन मोर्च्याने तिथे गेली आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्यात जखमी झालेला किशन नावाचा गिरणी कामगार चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला. सरकारी कागदावर आलं, दारूच्या नशेत शिप्रेवरच्या राम घाटाच्या पायऱ्यांवरून पडला.

हे असंच राहू नये म्हणून आम्ही त्या मोर्च्याच्या वस्तू जपायच्या ठरवल्या. आम्ही म्हणजे मी, नवा लेक्चरर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले दिघे. आणि कानिटकर वकील. चौथा भेरूलाल, वस्तीतला, मोर्च्यात स्वतः मार खाल्लेला. फ्रीगंजात कानिटकरांच्या ऑफिसामागे एक खोली होती आणि खोलीत एक टिनची ट्रंक. आमचं म्युझियम तेवढंच.

* * *

पहिल्याच दिवशी भेरूलालने एक पुठ्ठा आणला. त्यावर कोळशाने लिहिलेलं, ‘पानी सबका’. मी रजिस्टर उघडलं. वस्तू कोणती, कुठे मिळाली, कोणाच्या हातात होती. पद्धत म्हणजे पद्धत!

“किसके हाथ में था?”

“पहले रामू के. वो गिरा तो मैंने उठाया. मैं गिरा तो नंदा ने. फिर नंदा का हाथ टूट गया.”

रकान्यात एकाच नावाला जागा होती. मी पेन धरून बसलो.

दिघे म्हणाले, “प्रोफेसर, मार खाल्ल्याच्या क्रमाने लिहा. सीनियॉरिटी लिस्ट!”

आम्ही हसलो. भेरूलालही हसला. मग म्हणाला, “नंदा का नाम ऊपर लिखना साब. उसका हाथ जुड़ा नहीं.”

* * *

ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र एक साधा कागद होता. किशन शुद्धीवर असताना दवाखान्यात मी त्याची जबानी लिहून घेतली होती. माझ्याच फाउंटन पेनने, त्याच्याच शब्दांत. खाली त्याचा अंगठा. तो घाटावर गेलाच नव्हता, हे सांगणारं जगात दुसरं काही नव्हतं.

कानिटकर म्हणाले, “दोन नकला करून ठेवा.”

मी म्हणालो, “नको. नकला फिरायला लागल्या की अस्सलाची किंमत जाते.”

काय विद्वान माणूस होतो मी!

किशनची बायको धापूबाई. तिला वाचता येत नव्हतं. दर सोमवारी ती बाजार करून खोलीवर यायची, डोक्यावरची पाटी दाराबाहेर ठेवायची आणि म्हणायची, “मास्टरसाब, बाँच दो.”

मी वाचायचो. शेवटचं वाक्य होतं, “मैंने दारू नहीं पी, मैं घाट पे गया ही नहीं.” तेवढं ऐकलं की ती मान हलवायची आणि पाटी उचलायची. पाचव्या-सहाव्या सोमवारी मी विचारलं, “बाई, आता पाठ झालं असेल ना?”

“पाठ तो है. पर लोग-बाग बोलते हैं दारू पीके गिरा. तो सुन जाती हूँ. हफ्ताभर चलता है.”

* * *

दिघ्यांनी एक मोडकी लाठी पैदा केली. आठवड्याने एक हवालदार दारात. बिचारा घामाघूम. लाठी सरकारी, हिशेबात कमी पडत होती.

कानिटकर म्हणाले, “जरूर ले जाइए हवालदारसाहब. बस एक पावती दे दीजिए. देवास गेट के नल पर टूटी हुई लाठी वापस मिली. नीचे दस्तखत.”

हवालदाराने लाठी उचलली आणि परत ठेवली.

“रहने दो वकीलसाब. बोल दूँगा, कुत्ता मारने में टूटी.”

कानिटकर हा किस्सा नेहमी इथेच थांबवत. खरं तर हवालदार जाताना दाराजवळ बसलेल्या भेरूलालला म्हणाला होता, “तुम्हारा कंधा कैसा है अब?” आणि भेरूलाल म्हणाला होता, “ठीक है हुजूर. आपका?”

* * *

देवास गेटजवळच्या एका फोटोग्राफरने त्या सकाळी दुकानाच्या गच्चीवरून एक फोटो घेतला होता, असं कळलं. आम्ही धावलो! याहून मोठा पुरावा कोणता? तो भला माणूस. म्हणाला, “दो दिन दीजिए, अच्छा बनाके देता हूँ.”

दोन दिवसांनी प्रिंट हातात आली. नळ होता, घागरी होत्या, माणसं होती, पोलीसही होते. लाठ्या नव्हत्या! पोलिसांचे हात नुसतेच वर. एखाद्या मिरवणुकीत नाचावं तसे.

“लाठियाँ कहाँ गईं?”

“वो लाठियाँ थीं?” तो खरोखर चमकला. “मैं समझा प्लेट पे खरोंच है. और चेहरों पे दाग भी बहुत थे साब. एक-एक साफ किया है, आँखें दुख गईं.”

लग्नाचे फोटो सुंदर करण्यात त्या माणसाचा सबंध उज्जैनात हात धरणारा कोणी नव्हता. घासलेली निगेटिव्हची प्लेट काही परत पहिल्यासारखी होत नाही.

* * *

चौकशीसाठी कानिटकरांनी अर्जांवर अर्ज केले. प्रत्येकाला उत्तर एकच, ‘विचाराधीन’. मग मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, फायली पेटाऱ्यांतून निघाल्या. कानिटकर धापूबाईला घेऊन एका कचेरीत गेले. तिथला बाबू अर्ज वाचून म्हणाला, “वकीलसाब, ये शिकायत तो मध्य भारत सरकार के खिलाफ है.”

“जी.”

“वो सरकार तो अब है नहीं.”

“पर आदमी तो मरा है!”

“वो भी अब नहीं है,” बाबू म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो फक्त हिशेब जुळवत होता.

बाहेर आल्यावर धापूबाईने विचारलं, “क्या बोले?”

कानिटकर म्हणाले, “बोले, कागज सँभालके रखो.” ते आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले असतील. पुढच्या सोमवारी ती दुप्पट आशेने आली.

* * *

त्यानंतर कानिटकर इंदूरला गेले, दिघ्यांची बदली झाली, खोली सुटली. ट्रंक माझ्या घरी आली. भेरूलालने ती खांद्यावरून आणली आणि ओट्यावर टेकवली. मी ती ओढत आत नेली. त्याला ‘आत ये’ म्हणालो नाही. माझी विधवा आत्या दारात उभी होती. हे मी कोणाला सांगत नाही. आता सांगितलं.

आठवडाभर परीक्षांचं काम होतं. मी ट्रंक उघडली नाही. सोमवारी धापूबाई ओट्यावर आली, तेव्हा झाकण उचललं. कुबट वास आला. पुठ्ठे फुगलेले, हस्तपत्रकं एकमेकांना चिकटलेली. मी आत्याला हाक मारली.

“अरे, त्या लोकांच्या वस्तू, त्यात मेलेल्या माणसाचं काहीतरी. घरात देव आहेत,” ती म्हणाली. “शिप्रेचं पाणी शिंपडलं, तांब्याभर. तुझ्या कागदांना हात लावला नाही हो मी!”

किशनच्या कागदावर निळा ढग पसरला होता. एक अक्षर लागत नव्हतं. अंगठा तेवढा शाबूत होता. तो छापखान्याच्या काळ्या, तेलकट शाईचा होता; ती पाण्याने पसरत नाही.

मी तो कागद घेऊन बाहेर गेलो. सांगायलाच गेलो होतो. धापूबाईने पदर सावरला, अंगठा ओळखून त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाँच दो.”

मी वाचू लागलो. पाठच होतं. नळ, घागर, तिघे शिपाई, “मैं घाट पे गया ही नहीं.” इथे थांबायचं होतं. पण ती नजर कागदावर लावून बसली होती, आणि मी थांबलो की कागदाचं काय झालं ते सांगावं लागणार होतं. माझा आवाज पुढे चालत राहिला. “धापू से कहना, मेरी राह न देखे. रोटी खा ले.”

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच वाचन संपल्यावर उठली नाही. आतून आत्याच्या भांड्यांचा आवाज येत होता.

ती म्हणाली, “मास्टरसाब, ऊ आखरी वाली बात फेर से बाँचो.”