मोडक्या हातावरची चितपट

त्या काळी सोलापुरातल्या मालकलोकांना पहिलवान पाळायचा लई शौक. ज्याच्या दारात पहिलवान न्हाय, त्याला चार बड्यांत पुसतंय कोण? मी एका गिरणीमालकाचा. दूध-बदाम त्यांचं, अंग माझं. मी जिंकलो की मिशा त्यांनी पिळायच्या.

एका उन्हाळ्यात माझी जोड लागली अक्कलकोटाकडच्या एका धनगर गड्याशी. त्याला एका वकिलानं पोसलेलं. दोन्ही मालक पुढं खुर्च्या टाकून, तोंडात पानं कोंबून बसलेले. मधी त्यांचा दोस्त, विलायतेला शिकून आलेला डॉक्टर. कुस्ती निकाली ठरलेली, म्हंजे पाठ मातीला लागंस्तवर सुट्टी न्हाय. मालकांनी सोडवली तरच सुटायची.

हलगी कडाडली. गडी चिवट हुता. त्यानं कानाखाली अशी थाप हाणली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी खवळलो. खाली बसून त्याचा पाय ओढला, तसा तो पालथा आदळला आणि कोपर अंगाखाली सापडलं. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. "यव्वा!" एवढंच ओरडला. बघतो तर हाड कातडं फाडून भाईर आलेलं.

मी हात वर करून बोंबललो, "मालक, सोडवा! हात मोडलाय गड्याचा!"

"मग बरंच की," माझे मालक म्हणाले. "पाड आता."

वकीलसाहेब म्हणाले, "माझा पहिलवान एका हातानंही लढेल. चालू द्या."

पंच डॉक्टरकडं बघाय लागला. डॉक्टर पान चघळत म्हणाला, "रंगाचा बेरंग करू नका हो. मागाहून बघू."

मी वाकलो. गड्याच्या तोंडात माती गेलेली. हळूच म्हणाला, "पाड मला, दादा. पडल्याबिगर ही लोकं हात बगणार न्हाईत."

"मग उताणा हो की."

"आपणहून पडलो तर पैसं खाऊन कुस्ती इकली म्हणतील. तालमीतनं हाकलतील. आई हाय माझी घरात."

चांगल्या अंगानं अलगद उलटवावा, तर ठरवून पडला असंच दिसलं असतं. डाव दिसायला पायजे हुता. मी डोळं मिटलं आणि त्याला त्या मोडक्या हातावरनंच लोळवला. एवढा पैलवान गडी, लेकरागत किंचाळला. पाठ लागली.

लोकांनी फेटे उडवले. मालक आरडले, "शाब्बास माझ्या वाघा!" डॉक्टर खुर्चीवरनं उठून मातीत उतरला. देव पावला म्हणलं, आणि मी बाजूला सरून त्याला वाट दिली. तर हा बाबा गड्याला ओलांडून माझ्याकडं आला. माझा दंड चाचपून मालकांना म्हणाला, "काय कमावलाय हो! दूध म्हशीचं देता का गाईचं?"

माझं टाळकं सणकलं. त्याचं मनगट पिरगाळून त्याला गुडघ्यावर आणला आणि तोंड त्या हाडापाशी नेलं. "हितं बग, भाड्या! हितं!"

"मेलो, मेलो!" त्यानं गळा काढला. तसे दोन्ही मालक धावले. वकिलाची काठी माझ्या डोस्क्यात, माझ्या मालकाचा बूट बरगडीत. दुसरी लाथ तोंडावर, दात पडले माझे. "माणुसकी नाही या जनावरांना," असं मालक लाथ घालता घालता म्हणत हुते. डॉक्टरच्या मनगटाला भिजवलेला रुमाल गुंडाळला, त्याला टांग्यात घातला आणि दोघं दोन अंगाला बसून वारा घालत निघून गेले. गडी तितंच.

मी त्याला पाठीवर घेऊन हाडवैद्याकडं पळालो. हाड बसवलं, पण हात सडला, आणि हातामागं गडीबी गेला.

गड्याच्या गावी त्याच्या आईला सांगायला त्या तिघांतलं कुणी गेलं न्हाय. मी गेलो. म्हातारीनं माझा दंड बगितला, फुटकं तोंड बगितलं, आणि कोण आलंय ते वळखलं. मग दोन्ही मुठींनी माझी छाती बडवाय लागली. मी हललो न्हाय. ज्यांना बडवायला पायजे हुतं, त्यांच्या फाटकातनं तिला कुणी आत घेतलं नसतं.