घुम्यासाठी शोधलेला शब्द

आमच्या छापखान्यात त्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर म्हणत आणि तोही ओ देई. अक्षरं जुळवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. अक्षरांचे खिळे ठेवलेल्या खणांपुढे तो उभा राहिला, की त्याचा उजवा हात एकटाच हिंडायला निघाल्यासारखा वाटे. डोळे कागदावर, डाव्या हातात लोखंडी पट्टी, आणि शिशाची उलटी अक्षरं तीवर मण्यांसारखी ओवली जात. मात्र दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर खूप.

मी तिथं मुद्रितं तपासत असे. गावाकडून आलो तेव्हा सातवी शिकलेलो. इंग्रजी शिकलो ते एका फाटक्या कोशातून, रोज एक शब्द. ही गोष्ट मी ज्याला ऐकवली नाही असा माणूस छापखान्यात उरला नव्हता. त्यामुळे माझं नाव पडलं होतं डिक्शनरी.

"काय डिक्शनरी, आज काय गिळलंस?" पोपट रोज सकाळी विचारी. पोपट हा दुसरा जुळारी. त्याची जीभ त्याच्या हातापेक्षा जलद चाले.

झिजलेले खिळे दर आठवड्याला वितळवावे लागत. ते काम घुम्याकडे होतं. माझ्या टेबलामागे कपाटाएवढी खोली होती, तीत भट्टी आणि भट्टीवर लोखंडी कढई. शिसं आधी रुसून बसल्यासारखं पडून राही. मग एकाएकी कडेनं ढळे आणि वर चकचकीत साय धरे. ती साय तो पळीनं काढून डब्यात झटके, तेव्हा करडी पूड उडे. त्याच काळ्या हातांनी तो दुपारी जेवे. तसे आम्ही सगळेच जेवत होतो, पण कढईवर तो एकटा वाकून उभा असे.

त्या खोलीला एकच खिडकी, तीही माझ्या बाजूला उघडणारी. धूर माझ्या कागदांवर येई. मी खोकलो, कुरकुरलो, शेवटी मालकांकडे गेलो. मालक म्हणाले, "एवढंच ना? बंद करून टाका." फळी घुम्यानंच ठोकली. तोंडात लोखंडी चुका धरून, एकेक काढत, सावकाश. काम झाल्यावर फळीवर थाप मारून म्हणाला, "आता धूर माझा, हवा तुझी."

मला वाटलं त्यानं विनोद केला. मी हसलोसुद्धा.

एकदा त्याचा डबा घरी राहिला म्हणून वहिनी घेऊन आल्या. मी सहज म्हणालो, "वहिनी, घरी तरी बोलतात का हे?"

"भिंतीवरचं कॅलेंडर बोलेल एखाद्या वेळी," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, लग्नात ह्यांना हसू आवरत नव्हतं. माझ्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलगा बरा आहे ना गं डोक्यानं?"

आम्ही सगळे हसलो. घुम्या डब्याचं झाकण उघडण्यात गुंतला होता. इतका हसरा माणूस असा कधी आणि कशानं झाला, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग जुळणीखात्याचे जुने मुकादम निवृत्त व्हायचे ठरले. मुकादमाची जागा पुढच्या खोलीत होती, दोन मोठ्या खिडक्यांमध्ये. तिथं बसणाऱ्याला कढईकडे जावं लागत नसे. जागेसाठी दोघंच होते, पोपट आणि घुम्या. मालकांचा भागीदार दूर राहत असे आणि त्याला फक्त इंग्रजी वाचता येई. दोघांविषयी चार-चार ओळी इंग्रजीत लिहून पाठवायच्या होत्या, काम कसं, सचोटी कशी, स्वभाव कसा. मालकांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी फुगलो.

त्या संध्याकाळी घुम्या माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"माझं जरा बरं लिही," तो म्हणाला. "पुढच्या खोलीत बसायचंय मला. त्या कढईपाशी पोटात कळा येतात रे."

"काळजी सोड," मी म्हणालो. "असं लिहितो की वाचत राहतील."

काम उत्तम, सचोटी निर्विवाद, असं मी लिहिलं. स्वभावापाशी आलो आणि अडलो. शांत, अबोल यांना साधे शब्द मला येत होते. पण साधा शब्द लिहिला तर डिक्शनरी कसली? मी कोश उघडला आणि पानं चाळता चाळता तो सापडला, सॅटर्नाइन. पुढे एकच ओळ होती: उदास, थंड, मनानं जड. नऊ अक्षरांचा, पितळी घंटेसारखा वाजणारा शब्द. मी तो वळणदार अक्षरात लिहिला. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्यानं वाचला.

उत्तर आलं. असल्या उदास माणसाच्या हाताखाली लोक टिकणार नाहीत, दुसऱ्याला नेमा. पोपट पुढच्या खोलीत गेला. मालकांनी घुम्याला बोलावून निकाल सांगितला. का, ते सांगितलं नाही. तो "बरं" म्हणाला आणि कढईकडे परतला. जाताना माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, तू तुझ्याकडून केलंस अशा अर्थानं. मीही मान हलवली.

दोन वर्षं गेली. एके सकाळी जुळवता जुळवता त्याच्या हातून पट्टी सुटली आणि अक्षरं जमिनीवर सांडली. तो हात उचलू पाहत होता आणि मनगट मान मोडलेल्या पाखरासारखं लोंबत होतं. मी वहिनींना बोलावून घेतलं आणि आम्ही त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, हात पाहिला.

"शिशाचं काम करता? किती वर्षं?"

"एकोणीस," वहिनींनीच सांगितलं.

"पोटात कळा येतात? बोलणं कमी झालंय?"

"ते नाही हो, तो यांचा स्वभावच आहे."

"स्वभाव नाही हा, ताई," बाई म्हणाल्या. "शिसं अंगात भिनलं की माणूस आधी आतून बंद होतो. घरच्यांना वाटतं, स्वभाव. ज्या खोलीत वितळवता तिथं खिडकी आहे ना?"

घुम्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाकावरून उठून बाहेर व्हरांड्यात गेलो.

तिथून मी सार्वजनिक वाचनालय गाठलं आणि तिथला जाडजूड कोश उतरवला. का, ते सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकताना तो सॅटर्नाइन शब्द डोक्यात वाजू लागला होता. माझ्या फाटक्या कोशात एक ओळ होती, इथं अर्धा रकाना. शब्द शनी या ग्रहाच्या इंग्रजी नावावरून आलेला. जुन्या काळी माहीत असलेल्यांत सगळ्यांत दूरचा, मंद चालीचा ग्रह. त्याच्या अमलाखाली जन्मलेला माणूस थंड आणि उदास होतो, असं पाश्चात्त्य देशांतले जुने लोक समजत. धातू वितळवून सोनं करू पाहणाऱ्यांनी प्रत्येक ग्रहाला एक धातू वाटून दिला होता. शनीच्या वाट्याला शिसं आलं. आणि शेवटी बारीक टायपात: शिशाच्या विषबाधेसंबंधी.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी शेवटच्या टिंबापर्यंत तपासल्या. हा एक शब्द मात्र पहिल्या ओळीवर सोडून दिला होता. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाणी हवंय का?"

दुसऱ्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू चुकीचा शब्द लिहिलास?"

"नाही. शब्द बरोबरच होता."

"मग झालं तर." त्यांनी चष्मा पुसला. "आणि आता हात गेलेला जुळारी घेऊन मी काय करू, तूच सांग."

मी तसाच बाहेर पडलो.

घुम्याच्या घरी गेलो तेव्हा तो खाटेवर बसला होता आणि मुलगी त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. ती आत गेल्यावर मी बोललो. शब्दाचं सांगितलं, भागीदाराच्या उत्तराचं सांगितलं. खिडकीचं सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

"अक्षरं सांग," तो म्हणाला.

मी एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागलो. त्याचा डावा हात पट्टी धरल्यासारखा वळला. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर नुसती थरथरत होती, मनगट उठत नव्हतं. सहाव्या अक्षराला त्यानं डावा हात सोडून दिला.

"पुढची तीन तू लाव," तो म्हणाला. "शब्द तुझाच आहे."

तो परत छापखान्यात आला नाही.

मी घरून पकड घेऊन आलो आणि टेबलामागची फळी उचकटायला लागलो. चुका गंजल्या होत्या, पण ठोकणाऱ्यानं मन लावून ठोकल्या होत्या, सहज निघेनात. हाताला फोड आले. कढईवर आता नवा माणूस उभा होता. फटीतून उजेड आला तसा तो वळून पाहू लागला. पोपट पुढच्या खोलीतून डोकावला.

"अरे डिक्शनरी, धूर येईल ना तुझ्या कागदांवर!"

"येऊ दे," मी म्हणालो.

एरवी मी आणखी काहीतरी म्हणालो असतो.