खाली राहिलेले हात

आमच्या भांडुपच्या सोसायटीत चोवीस घरं, त्यातलं तळमजल्यावरचं एक माझं. वर्षाला चार-पाच मीटिंगा पार्किंगमध्ये होतात आणि प्रत्येक मीटिंग एखादा किस्सा देऊन जाते. माझी शाळा चौथीला सुटली, म्हणून लिहितो हळूहळू. पण घाई कुणाला आहे? हात वर न करणारी माणसं काही संपत नाहीत.

*

बिल्डिंगला रंग द्यायचा होता. पिवळ्याला पाच हात, हिरव्याला चार. बाकीचे पंधरा आपापल्या चपलांकडे बघत बसले. सेक्रेटरी परुळेकर म्हणाले, "गप्प बसले म्हणजे पिवळा चालतोय. वीस झाले."

रंग लागला. मग तेच लोक जिन्यात एकमेकांना विचारायला लागले, "हा हळदीसारखा रंग ठरवला कुणी?"

*

पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींचीच गाडी. गेटला आडवी लागते, हलवा, असा ठराव. हलवायला सात हात, नको म्हणायला त्यांचा एकट्याचा. सोळा गप्प. परुळेकर म्हणाले, "गप्प बसले म्हणजे त्यांना काही त्रास नाही. सतरा झाले."

माणसं तीच, गप्प बसणं तेच. रंगाला तो होकार आणि गाडीला नकार. सोळांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाबा, आम्ही नक्की काय म्हणालो?

*

दुसऱ्या मजल्यावरचे वैद्य साहेब ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. ते गप्प बसत नाहीत, उभे राहून सांगतात, "मी तटस्थ. तसं लिहून घ्या."

एकदा मीटिंगला चौथ्या मजल्यावरच्या शालिनी वहिनी ट्रे घेऊन आल्या. "साहेब, चहा की कॉफी?"

"काहीही चालेल."

"तटस्थ, लिहून घेतलं हो," म्हणाल्या आणि ट्रे घेऊन पुढे गेल्या.

*

पेडणेकरची तऱ्हा वेगळी. हात वर करायची वेळ आली की त्याला फोन येतो. "हॅलो, हां, बोला" करत गेटपर्यंत जातो, मोजणी झाली की परत. एकदा असाच गेला, आणि त्याचा फोन तर माझ्या बाजूला चार्जिंगला लावलेला. निरखून बघतो तर कानाला चष्म्याचं घर.

परत आल्यावर विचारलं, "कुणाचा होता रे?"

"ऑफिसचा, तात्या. अर्जंट."

*

आता लिफ्टचं सांगतो. शालिनी वहिनींचा नवरा भाऊ हा माझ्याच गावचा, मालवणकडचा, मिलमध्ये शेजारच्या मागावर होता. एक बाजू लुळी पडल्यापासून आठ महिने तो चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेला नाही. जिना अरुंद. लिफ्ट लागली तर खुर्चीवरून खाली येईल, गेटपाशी बसेल, चार माणसं बघेल. एवढंच त्याला हवं होतं.

परुळेकर म्हणाले, "या वेळी गप्प बसलेले कुठेच धरायचे नाहीत. चोवीसांत तेरा हात वर दिसले पाहिजेत." मोजायला मला उभं केलं. "तात्या, तुम्ही सरळ माणूस. तुम्ही मोजा."

मी एका टोकापासून बोट दाखवत मोजलं. बारा. वैद्य साहेब तटस्थ. पेडणेकर गेटवर. बाकीचे चपलांकडे बघत. पुन्हा मोजलं, सावकाश. बाराच. परुळेकरांनी 'नामंजूर' लिहिलं, सह्या घेतल्या आणि वही मिटली.

मी दम खात चार मजले चढलो. भाऊला खिडकीशी बसवला होता. त्याच्या बाजूला बसून मी त्या सगळ्यांना पोटभर शिव्या घातल्या. म्हटलं, एक हात कमी पडला रे, एक. कुणा एकालासुद्धा लाज वाटली नाही.

भाऊने विचारलं, "बारा कोण कोण?"

मी बोटांवर मोजत नावं सांगितली, पहिल्या मजल्यापासून वरपर्यंत, बाराही. दर नावाला तो मान हलवत होता.

"अरे," म्हणाला, "तुझा नाव सांगूक विसरलंस काय?"