तीन ठोके आणि एक गिलास

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. फोन त्याच्या मुलीचा. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून बरं कोण म्हणतं? पण तोंडातून तेच निघालं. मग अर्धी मेथी तशीच टाकून मी गच्चीवर गेलो आणि फेऱ्या मारत राहिलो. त्याला आता दीड महिना होईल. फेऱ्या थांबलेल्या नाहीत. हा लेख मी चौथ्यांदा लिहायला घेतोय. आधीचे तीन फाडले, कारण त्यांत बसवराज फार चांगला दिसत होता आणि त्याच्या शेजारी उभा राहून मीही.

आमची दोस्ती नांदेडच्या कॉलेजातली. पुढे मी इथेच एका छापखान्यात प्रूफं तपासायला लागलो आणि तो लातूरला कचेरीत कारकून झाला. जिल्हा नवा झाला होता. कपाटांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवलेलं, पण रंग इतका पातळ की खालचं नाव दिसायचंच. बसू टंचाई शाखेत होता. कोणत्या गावाला किती टँकर, कुठल्या विहिरीवर भरायचे, हे सगळं त्याच्या टेबलावर. दुष्काळ असा होता की लोकांनी आभाळाकडे बघणंही सोडून दिलं होतं. खेपा नीट होतात का हे पाहायला तो रेणापूरकडच्या गावांना किसन ड्रायव्हरशेजारी बसून जायचा, आणि त्याच केबिनमध्ये मांडीवर फाईल ठेवून त्याने आयुष्यातली पहिली कादंबरी लिहिली. गळ्यात लिंग, मुंगी चुकवून चालणारा माणूस, आणि लिहिलं काय, तर एकामागून एक आठ खून.

कादंबरीतला खुनी टँकर चालवायचा. गावोगाव पाणी वाटायचा आणि प्रत्येक गावात एका घागरीत विष कालवायचा. हस्तलिखित घेऊन बसू माझ्या खोलीवर आला. मी वाचलं आणि म्हणालो, "ठीक आहे. पण अंगावर काटा येत नाही. खुन्याला काहीतरी खूण दे. आवाजाची दे."

तो म्हणाला, "आमचा किसन गावात शिरला की पान्यानं टाकीवर तीन ठोके देतो. बायका घागरी घेऊन पळत येतात."

"तेच घाल."

"त्याला वाईट वाटंल रे, दत्ता."

"किसन कादंबऱ्या वाचतो का?"

हे शेवटचं वाक्य माझं आहे. कादंबरीची प्रूफं मीच वाचली, शंभर चुका काढल्या, ही एक काढली नाही...

पुस्तक आलं आणि बसूच्या नावाने पोस्टकार्डं यायला लागली. निलंग्याच्या एका निवृत्त फौजदाराने पंचनाम्यातल्या सहा चुका क्रमाने लिहून पाठवल्या आणि शेवटी "बाकी झकास" असा शेरा मारला. एका बाईंनी कळवलं, की पुस्तक संपल्यावर आठवडाभर मी नवऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, बाकी संसार सुखाचा आहे. कुणी आठव्या खुनावर नाराज, कुणाला नववा हवा होता. दुसरा भाग कधी, हे तर सगळ्यांनाच विचारायचं होतं. बसू प्रत्येकाला उत्तर लिहायचा आणि कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचा. त्या दोन महिन्यांत तो जितका खूश होता, तितका मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

किसनच्या खेपेवरच्या एका गावात मात्र वेगळंच झालं. तिथल्या शाळामास्तरांनी पुस्तक आणलं आणि संध्याकाळी पारावर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पोथी लावावी तसं गावाने ते पुस्तक लावलं. बायका वाती वळत ऐकायच्या. समाप्ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किसनने गावात शिरताना टाकीवर तीन ठोके दिले. बाया उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. ठोके ऐकले आणि घागरी उचलून परत आत गेल्या. एका म्हातारीला बसूने समजवायला पाहिलं, की हे सगळं मनातून रचलेलं असतं. ती म्हणाली, "मास्तरनं समद्यांपुढं वाचून दावलंय. पारावर वाचलेलं खोटं असतंय व्हय?"

म्हातारी निदान खरोखर घाबरली होती. गावात दुसरेही होते. किसन बौद्धवाड्यातला. त्याच्या हाताने आलेलं पाणी त्यांनी केवळ दुष्काळापायी गिळलं होतं, आणि आता नाही म्हणायला त्यांना चारचौघांत सांगता येईल असं निमित्त मिळालं होतं. ड्रायव्हर बदला, असा अर्ज कचेरीत आला. किसन बसूच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "सायब, म्या कुणाचं काय केलं? पोरीची सोयरीक जमून राहिली, पाव्हणे इचारून राहिले, त्यो टँकरवाला म्हंजे तुम्हीच का म्हून."

बसूने अर्ज फाईलला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गावाच्या प्रत्येक खेपेला स्वतः टँकरवर जायला लागला. घरून निघताना लग्नातला, नाव कोरलेला स्टीलचा गिलास पिशवीत टाकायचा. गावात पोचला की पाना हातात घेऊन तीन ठोके आपणच द्यायचा. मग तोटी उघडून गिलास भरायचा, तोंड लावून अर्धा प्यायचा आणि उरलेला किसनला द्यायचा. किसन प्यायला की बसू गावाकडे वळून म्हणायचा, "आता घ्या." पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी ती म्हातारी घागर घेऊन आली. "सायब मेलं न्हाई," ती मागे वळून म्हणाली. हळूहळू बाकीच्या आल्या. दोन-चार घरं शेवटपर्यंत आली नाहीत. पण किसनची खेप गेली नाही आणि पोरीचं लग्नही झालं. उन्हाळाभर बसूने हे केलं, रोज.

मधे एका शनिवारी तो नांदेडला आला होता. म्हणाला, "उद्या चल माझ्यासंगं. तूही एक गिलास पी. निम्मं पुस्तक तुझं हाय."

मी म्हणालो, प्रूफं आहेत. प्रूफं नव्हती. मला लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा जास्त कंटाळा आला होता, हे आज लिहितोय. त्याने पुन्हा विचारलं नाही. ठोक्यांची कल्पना कुणाची, हेही त्याने जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

दुसरी कादंबरी त्याने लिहिली नाही. कागद आणून ठेवलेले होते. "लिहायला बसलो की कुणाचा तरी चेहरा येतो," म्हणायचा, "आणि त्याला इचारल्याबिगर घेऊ वाटत नाही." मी त्याला तोंडावर भित्रा म्हणालो. मी. तो हसला आणि चहा सांगितला.

मातीला गेलो तेव्हा गर्दी होती, महादेवी वहिनींशी बोलणं झालं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा लातूरला गेलो. मी आणि वहिनी बसलो होतो, तेवढ्यात किसन आला. केस पांढरे, हातात काठी. दर वर्षी उन्हाळ्यात तो बसूला भेटायला यायचा, हे मला वहिनींकडून तेव्हा कळलं. त्या आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या, त्याच गिलासात. किसनने तो घेतला आणि गुडघ्यावर धरून बसला. पिईना.

"घ्या की," वहिनी म्हणाल्या.

"सायब आधी घ्यायचे," तो म्हणाला. "इतक्या वर्सात म्या एकट्यानं कधी पिलं न्हाई ह्याच्यातलं."

मला तिथे बसवेना. उठून खिडकीपाशी गेलो, परत आलो. आणि सांगून टाकलं. "किसनभाऊ, ते तीन ठोके पुस्तकात घाल म्हणून मी सांगितलं होतं. बसवराज नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. किसनने पाहिलं नाही. तो गिलासावरच्या नावावरून अंगठा फिरवत राहिला. मला माफी मागायची होती, ते जमेना.

मग त्याने हात लांब करून गिलास माझ्यापुढे धरला.

"मंग तुम्ही घ्या आधी," तो म्हणाला.

मी तोंड लावून अर्धा गिलास प्यालो. उरलेला किसनने तसाच तोंड लावून संपवला आणि रिकामा गिलास वहिनींच्या हातात दिला.