गळ्यातलं कौल

जळकोटात शांताक्काच्या घरी उघडं असं काही सापडायचं नाही. मिक्सरला झबलं, माठाला टोपी, इन्व्हर्टरला झालर, टीव्हीच्या रिमोटला पिशवी. सगळं क्रोशाचं आणि सगळं तिच्या हातचं. टीव्ही सपाट होऊन भिंतीला चिकटले तेव्हा सारं गाव खूश झालं, एकटी शांताक्का खट्टू झाली. एवढ्या हौसेनं विणलेलं मोराचं कव्हर आता ठेवायचं कशावर? शेवटी ते तिनं नवऱ्याच्या, म्हणजे ईरण्णांच्या, हायवेवरच्या दुकानात वजनकाट्यावर घातलं. गिऱ्हाईक आलं की ईरण्णा ते काढून गादीखाली सारायचे आणि संध्याकाळी दुकान बंद करताना गुपचूप परत चढवायचे. त्यांचा संसार चाळीस वर्षं सुखाचा झाला तो असा.

अशा बाईला डॉक्टरनं सांगितलं की सुई सोडा. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला होता. सकाळी लिंगपूजा करताना विभूतीची चिमूट धरली तरी कळ यायची. नळदुर्गच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला, शांताक्कानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि "ह्यो माझा न्हाय" म्हणून परत दिला. पण अंगठा तिचाच होता आणि तो दिवसेंदिवस हट्टी होत चालला होता.

दुखण्याचं तिला तेवढं वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. ही कला तिला तिच्या आईनं दिली होती आणि तिच्याकडून घ्यायला कोणी नव्हतं. तसं शिकवायचा प्रयत्न तिनं दोनदा केला होता. सून श्रीदेवी चार दिवस टिकली, नात शिवानी दोनच दिवस. दोष त्यांचा नव्हता. शांताक्काला एक टाका वाकडा दिसला की ती "उसव" म्हणायची, आणि समोरचीनं उसवायच्या आत स्वतःच दोरा धरून सर्रकन ओढायची. दोन तासांची मेहनत तीन सेकंदांत मांडीवर गोळा होऊन पडायची. शिवानी तर म्हणाली होती, "आज्जी, तुला विणण्यापेक्षा उसवायलाच जास्त आवडतं." हे बोलणं शांताक्काच्या मनाला लागलं होतं, पण सवय काही सुटली नव्हती.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी उपकेंद्राची प्रीती सिस्टर तिचा बीपी बघायला आली. कळंबची पोरगी, दोन वर्षांपासून गावात एकटी राहत होती. आदल्या दिवशी शांताक्काच्याच शेतात बसून तिनं भज्जी आणि आंबील पोटभर खाल्ली होती, त्यामुळे जरा मोकळी झाली होती. पट्टा सोडता सोडता म्हणाली, "आक्का, मला एक शिकवता का? आईसाठी काऊल करायचंय."

"कौल?" शांताक्कानं वर छपराकडे बघितलं. "एक कशाला, चार घिऊन जा. मागच्या पडवीत ढीग पडलाय."

"तसलं न्हाय हो! काऊल. गळ्यात घालायचं. मफलरच, पण दोन्ही टोकं जोडलेली."

"गळ्यात कौल? आणि डोक्यावर काय, पत्रा?"

श्रीदेवी आतून खो-खो हसली. मग प्रीतीनं नीट सांगितलं. तिची आई मालनबाई भीमगीतं गाते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाला, चौदा जानेवारीला, कळंबला मोठा कार्यक्रम असतो, उघड्यावर. दर वर्षी ऐन थंडीत आईचा गळा धरतो आणि शेवटच्या गाण्याला आवाज फाटतो. आई टॉवेल गुंडाळते, पण गाताना तो सुटून खाली येतो. मागच्या वर्षी अर्ध्या गाण्यातून माइक दुसरीकडं द्यावा लागला होता आणि घरी येऊन आई रडली होती.

"म्हणून टोकं नसलेलं पायजे," प्रीती म्हणाली. "सुटणारच न्हाय असं."

बाजारात असली गळपट्टी मिळते हे शांताक्कालाही ठाऊक होतं आणि प्रीतीलाही ठाऊक असणार. तरी पोरगी हातानं करायचं म्हणत होती. शांताक्काला एकदम भारी आनंद झाला, आणि आनंद झाला की ती जरा कडकच बोलायची. "रोज पाच वाजता यायचं," ती म्हणाली. "नखं कापून."

पहिले सात-आठ दिवस नुसता सराव चालला. साखळी घालायची, तिच्यावर खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे, मोजायचे, उसवायचे. दाखवण्यापुरती सुई शांताक्का हातात घ्यायची, चार टाके घालायची आणि अंगठा कुरकुरला की परत द्यायची. प्रीती निमूटपणे बघायची. इंजेक्शन देणारा हात तो, थरथर मुळीच नव्हती. आज्ञाधारक तर इतकी, की शांताक्काला कधीकधी भीतीच वाटायची; ही बया सांगितलं तर मिक्सरवरही खांब उभे करेल.

मग सोलापूरहून निळी लोकर आली आणि खऱ्या कामाला हात घातला. ओसरीत प्रीती बसली, स्वयंपाकघरात शांताक्का संक्रांतीच्या शेंगापोळीसाठी दाणे भाजत होती. बेत साधा होता. गळ्याभोवती एक वेढा बसेल एवढी, म्हणजे दीड हात साखळी, ती जोडून गोल करायची आणि त्यावर वीतभर उंचीपर्यंत खांबांच्या ओळी. शांताक्का टाके मोजून सांगायची नाही, तिचा सगळा हिशेब हाताच्या मापावर. "तू घालत ऱ्हा," ती म्हणाली, "मी सांगते थांबायचं कधी."

बऱ्याच वेळानं तिनं आतूनच अंदाज घेतला आणि ओरडून सांगितलं, "साकु गं!"

"हो!" प्रीती म्हणाली.

थोड्या वेळानं शांताक्कानं डोकावून पाहिलं तर पोरीची सुई चालूच. "साकु, साकु!"

"हो आक्का, साकु!" प्रीतीनं हात आणखी भराभर चालवला.

इतक्यात दाणे करपल्याचा वास आला आणि शांताक्का आत पळाली. तेवढ्यात उपकेंद्रातून फोन आला म्हणून प्रीती सगळं पिशवीत घालून गेली. पुढचे तीन दिवस लसीकरण होतं. खांब घालायला तर येतच होते, ती खोलीवर बसून पुढचं काम करत राहिली.

दहा तारखेला ती आली ती चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखी. "आक्का, तीन ओळी झाल्या!" म्हणत तिनं पिशवीतून निळं काहीतरी काढलं. काढलं, अजून काढलं, काढतच राहिली.

"अय्यो शिवने," शांताक्का म्हणाली. "हे आईसाठी हाय का आईच्या बैलासाठी?"

प्रीतीचा चेहरा उतरला. शांताक्कानं हातानं माप घेतलं. सव्वातीन हात! दुपटीच्याही वर. "आगं, म्या दोनदा सांगितलं की!"

"हो ना. तुम्हीच म्हणालात, साकु, साकु. म्हणून मी घालत गेले."

"साकु म्हणल्यावर घालत कशी गेलीस?"

"साकु म्हणजे साखळीच ना?" प्रीती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही घाईत अर्धंच बोलताय."

मग आतून श्रीदेवी परातीसकट बाहेर आली, तिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. ती कर्नाटकातल्या आळंदची, तिला कानडी पाण्यासारखी. "सिस्टर, साकु म्हंजे पुरे! कानडीत. म्हंजे थांब!"

शांताक्का चक्रावली. आपण कानडी बोललो हेच तिला माहीत नव्हतं. घाई झाली की जीभ आपोआप तिकडे वळायची. घरात सगळ्यांना कळायचं, दारावर येणारा भाजीवालाही साकु म्हटलं की पारडं थांबवायचा. कळंबच्या पोरीला कुठून कळणार? शांताक्का जितक्या जोरात थांब म्हणत होती, तितक्या जोरात ती बिचारी पुढे जात होती.

हसू आलंच, पण लगेच तिनं बोटांवर दिवस मोजले. चौदा तारखेला चार दिवस. हे उसवून नव्यानं वीतभर उंच करायचं, तेही रोज ड्युटी सांभाळून? स्वतः केलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, पण हा अंगठा. आणि तरीही तिच्या हातानं सवयीनं दोऱ्याचं टोक शोधून काढलं. बोटांत धरलंही. प्रीती त्या टोकाकडे बघत राहिली. अशीच एकदा शिवानी बघत बसली होती आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नव्हती.

शांताक्काला ते आठवलं आणि तिचा हात थांबला. आता ओढलं तर ही पोरगी जाईल. तोंडानं "काही हरकत न्हाय" म्हणेल, गोळ्या द्यायला येत राहील, पण सुई धरणार नाही. त्यानंतर आणखी कोण येणार?

तिनं टोक सोडलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

श्रीदेवीनं परात खाली ठेवली. बारा वर्षं या घरात काढून तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"हिकडं ये," शांताक्कानं प्रीतीला जवळ ओढलं आणि ते लांबलचक कडं तिच्या गळ्यात घातलं. पार पोटापर्यंत लोंबलं. सत्काराचा हार लांब झाला की दुहेरी करतात, तसा तिनं त्याला मध्ये एक पीळ दिला आणि दुसरा वेढा डोक्यावरून टाकला. दोन्ही वेढे एकमेकांवर नीट बसले, हनुवटीखाली गच्च, मागं मानेवर जाड. प्रीतीनं मान हलवून पाहिली, वाकून पाहिलं, शेवटी दोन उड्या मारल्या. हललं नाही.

"आता वीतभर उंच करायचं कारण न्हाय," शांताक्का म्हणाली. "अर्धी वीत साकु." आणि मग घाईघाईनं, "म्हंजे पुरे. पुरे! इथं थांब!"

तेरा तारखेच्या सकाळी शेवटचा टाका पडला. दुसऱ्या ओळीतला एक खांब सुटलेला शांताक्काला लांबूनच दिसला होता. तो तिला त्या रात्री नीट झोपू देईना, पण ती एक शब्द बोलली नाही.

संक्रांतीच्या दिवशी तिचं लक्ष कशातच नव्हतं. पंधराला दुपारी हायवेवर एसटी थांबली आणि प्रीती पिशवीसकट थेट ओसरीत आली. "आईनं सगळी गाणी म्हटली!" ती दारातूनच ओरडली. "शेवटच्याला वन्स मोअर मिळाला!"

मोबाइलवर मालनबाई दिसली. पांढरं पातळ, गळ्यात निळे दोन वेढे आणि खणखणीत आवाज. शांताक्का भक्तीनं ऐकत होती, श्रीदेवी ताल धरत होती. सुटलेला खांब कुठंच दिसत नव्हता, तेही तिनं पाहून घेतलं.

"आणि हे आज सकाळचं," प्रीतीनं पुढचा व्हिडिओ लावला. "आई म्हणाली, कोरसमधल्या सगळ्या बायांना पायजे, मलाच शिकव, मी करते. प्रसेनजितनं, माझ्या भावानं, काढलाय."

अंगणात मालनबाई सुई धरून बसली होती. बाजूला प्रीती तिची बोटं वळवून देत होती. शांताक्का पुढे वाकली. मालनबाईनं दोरा तर्जनीवर घेतला होता, पण विणलेलं डाव्या अंगठ्याच्या आणि अनामिकेच्या चिमटीत धरलं होतं, मधलं बोट वर उचलून. असं विणकाम कोणी धरत नाही. पुस्तकात नाही, यूट्यूबवरही नाही. शांताक्काचं माहेरही आळंदचंच; तिथं तिची अव्वा, म्हणजे आई, असं धरायची, कारण तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट लहानपणी विळ्यानं तुटलं होतं. शांताक्काची पाची बोटं शाबूत, पण आईकडे बघून शिकली म्हणून तशीच धरायची. प्रीतीला तिनं हे कधीच सांगितलं नव्हतं.

"थांब. परत लाव," ती म्हणाली. "गाणं नको, हे."

प्रीतीनं परत लावलं. शांताक्काचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. अव्वाला जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

"श्रीदेवी, हिकडं ये गं," तिनं हाक मारली. "कळंबला माझी अव्वा बसलीय, बघ."