जाईन तर माझ्याच गाडीनं

बाबा माझ्याकडे राहतात, म्हणजे लेकीकडे. पुण्याच्या माझ्या धाकट्या भावाला हे फार लागायचं. मुलगा असताना बाप मुलीच्या घरी, लोक काय म्हणतील? आमच्या बेसा भागात कोणी काही म्हणत नव्हतं, पण त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. शेवटी त्यानं बाबांना पुण्याला न्यायला रेल्वेची तिकिटंच काढली. बाबांनी नाही म्हटलं नाही. फक्त अट घातली, "स्टेशनावर जाईन तर माझ्याच गाडीनं."

त्यांची गाडी म्हणजे आमच्या पोर्चमधलं जुनं धूड, इंजिन जाम होऊन पडलेलं. बाबा जाऊच नयेत असं मला मनापासून वाटत होतं. मग मी गप्प बसायचं की नाही? पण भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, ती गाडी सुरू करणं तुझ्याच्यानं होणार नाही," आणि माझं टाळकं सटकलं. इंजिन गॅरेजमधून नवं बांधून आणलं आणि जाहीर केलं की गाडीत ते मीच बसवणार. मी गणिताची निवृत्त मास्तरीण. फोनवर व्हिडिओ पाहिले होते, म्हणजे झालंच की सगळं!

बसवायच्या दिवशी इंजिन चेन-पुलीला लटकलेलं, साखळी नवऱ्याच्या हातात, आणि बाबा खुर्ची टाकून समोर. मी इंजिनाच्या मागच्या अंगाला क्लच प्लेट लावायला घेतली.

"बाई, ते जरा…" बाबा म्हणाले.

"बाबा, मधात बोलू नका!"

मी असं खेकसले की नवऱ्याच्या हातातली साखळी सुटता सुटता राहिली. बाबा खुर्चीत मागं रेलले. थोड्या वेळानं नवऱ्यानं हळूच विचारलं, "हे असंच बसते का वं?"

"तुम्ही साखळीकडे पाहा," मी म्हटलं. त्यानंतर मला कोणीच काही विचारलं नाही, आणि मला वाटलं सगळे माझ्या कामावर खूश आहेत.

भाऊ घ्यायला आला. त्याच्यासमोर मी किल्ली फिरवली आणि अहाहा, इंजिन एका झटक्यात सुरू! मी शेजाऱ्यांना संत्रा बर्फी वाटली. भावाकडे तर अशी पाहत होते, जसं काही इंजिनाचा शोध मीच लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले, बॅगा डिक्कीत गेल्या. मी ऐटीत क्लच दाबून गिअर टाकायला गेले, तर कर्रर्र! पुन्हा टाकला, पुन्हा कर्रर्र! गिअर काही केल्या पडेना. शेजाऱ्यांची बर्फी तोंडातच राहिली.

"ऑटो बोलावतो," भाऊ म्हणाला.

"म्या सांगतलं होतं," बाबा समोर पाहत म्हणाले, "माझ्याच गाडीनं."

भावानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, तू मुद्दाम केलंस."

मुद्दाम? इतके दिवस पाठ मोडून घेतली ती काय मुद्दाम? मी त्याला नको नको ते बोलले. तो तरातरा आत गेला, शेजारी पांगले. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"क्लच प्लेट उलटी बसवली तू," बाबा म्हणाले. "फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे पाहिजे."

"तुम्हाले कधी समजलं?"

"बसवत होती तेव्हाच."

"मग बोलले काहून नाही?"

"तूच तर म्हटलं, मधात बोलू नका." त्यांनी शर्टाची बाही उगाच नीट केली. मग अगदी हळू म्हणाले, "अन् मले कुठं जायचं होतं वं?"

मला एकदम रडूच आलं. ग्रीसच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळे तोंडाचं काय झालं ते नंतर आरशात दिसलं.

भाऊ पुन्हा बाहेर आला. आता त्याचा आवाज उतरला होता. "ताई, एकदा खरं सांग. मुद्दाम केलंस ना?"

बाबा माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."