डोळ्यातलं तांबं

भूकंपात आमच्या घराची मधली भिंत पडली तेव्हा माझा भाऊ तिच्या कडेलाच झोपला होता. दोन लाकडी संदुकांच्या आडोशामुळं तो वाचला. अप्पांनी त्याला मातीतून ओढून काढलं, तर गुडघा सोलवटण्यापलीकडं काही झालेलं नव्हतं. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली, त्या मानानं चाकूरजवळच्या आमच्या गावाचं काहीच गेलं नाही. पण आईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की पोराच्या अंगात भूकंपाचं भ्या शिरलंय. पुढं त्याला ताप आला, जेवण गेलं नाही, मार्क कमी पडले, की ती हेच सांगायची. ऐकणाऱ्यालाही ते पटायचं. भूकंपानंतर आमच्याकडं कुठल्याही दुखण्याला दुसरं कारण शोधायची गरजच उरली नव्हती.

मार्क तसे त्याला कमी पडत नव्हतेच. दहावीला तो तालुक्यात वरच्या नंबरात आला आणि अप्पांनी ठरवलं, पोरगा डॉक्टर करायचा. त्या वर्षांत जो तो पोरांना लातूरला आणून टाकत होता. नाक्यानाक्यावर क्लासचे फलक आणि त्यावर हसऱ्या पोरांचे फोटो. डाळमिलच्या मागं आम्ही दोन खोल्या घेतल्या. अप्पा शेताकडं राहिले. आई त्याला रांधून घालायला आली. मला आईशिवाय गावी ठेवता येत नव्हतं, म्हणून मीही आले. माझ्याहून तो दोन वर्षांनी मोठा.

पहिल्यांदा हात कापायला लागला तो जेवताना. वरणाची वाटी तोंडाशी नेईपर्यंत अर्धी सांडायची. मग अक्षर बिघडलं. मोत्यासारखं लिहिणारा पोरगा, कोंबडीनं उकरल्यासारखं लिहायला लागला. बोलताना जीभ जड व्हायची, शब्द एकमेकांत मिसळायचे. तोंडाच्या कडेनं लाळ यायची, म्हणून तो सारखा रुमाल धरून बसायचा.

आई म्हणाली, "अभ्यासाचा ताण अन् जुनं भ्या. दुसरं काय न्हाई."

कुणीतरी तिला सांगितलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी बुद्धीला चांगलं. तिनं तांब्याची नवी घागर आणली, घासून लख्ख ठेवली. सकाळी उठल्या उठल्या त्याला पेलाभर पाणी. जोडीला बदाम, शेंगदाण्याचे लाडू, तीळ. ते सगळं त्याच्यासाठीच असायचं. मला त्या घागरीत पेला बुडवायची मुभा नव्हती.

मग त्याचा चेहरा बदलला. वरचा ओठ ओढल्यासारखा झाला, दात उघडे राहायला लागले. तो हसत नव्हता, पण बघणाऱ्याला वाटायचं हसतोय. क्लासमध्ये सर गणित समजावून सांगत होते आणि हा समोरच्या बाकावर दात काढून बसलेला. सरांनी विचारलं, "कशाचं हसू येतंय?" त्याला नीट बोलता येईना. सरांनी सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. तोंड मिटेना, म्हणून दुसरी दिली. हे त्यानं घरी सांगितलं नाही. त्याच्या बाकावरच्या एका पोरानं आईला सांगितलं.

अप्पा गावाहून आले, सरांना भेटायला गेले. मी सोबत होते. सर शांतपणे म्हणाले, "एवढ्या मुलांत एखाद्याला झेपत नाही. मानसिक आहे. चांगल्या डॉक्टरला दाखवा."

आम्ही दाखवलं. डॉक्टरांनी भूकंपाची हकिकत नीट ऐकून घेतली आणि मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं. मग आणखी एक डॉक्टर, मग एक वैद्य, मग गावाकडचा एक देवऋषी. लहानपणी एकदा त्याला कावीळ झाली होती, महिनाभर राहिली होती. पण ते कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगावंसं वाटलं नाही. सांगायला भूकंप होता ना.

निदान झालं ते चष्म्यासाठी गेल्यावर. दिवाळीत आम्ही नांदेडला मामाकडं गेलो होतो. मामी म्हणाली, फळ्यावरचं उतरून घेता येत नसेल तर नजर कमी झाली असेल, तपासून तरी बघा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला यंत्राला हनुवटी टेकवायला सांगितली. त्याची मान हलत होती, म्हणून मामानं मागून डोकं धरलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला.

"घरात कुणाला लिव्हरचा आजार आहे?"

मामा म्हणाला, "न्हाई. याला लहानपणी कावीळ झाल्ती तेवढी."

त्यांनी मला जवळ बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं. बुबुळाच्या कडेनं तपकिरी-सोनेरी वळं होतं, गंजल्यासारखं. "हे तांबं आहे," त्या म्हणाल्या. "अन्नातलं तांबं शरीर बाहेर टाकतं. याचं शरीर टाकत नाही. जन्मापासूनच तसं आहे. आधी लिव्हरमध्ये साठलं, आता मेंदूत साठतंय." आई भूकंपाचं सांगायला लागली, तशा तिच्याकडं वळून म्हणाल्या, "याचा भूकंपाशी काही संबंध नाही, बाई."

आईनं विचारलं, "तांब्याच्या घागरीतलं पाणी दिलं तर चालतं ना?"

बाईंनी बॅटरी बंद केली. मग म्हणाल्या, "आजार त्यानं झालेला नाही. पण आजपासून बंद करा."

पुढं हैदराबादला मोठ्या दवाखान्यात रक्ताची आणि लघवीची तपासणी झाली. नांदेडच्या बाईंचं म्हणणं बरोबर निघालं. तांबं बाहेर काढणारं औषध सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की सुरुवातीला त्रास वाढू शकतो, वाढला तर इकडं या, पण मनानं औषध बंद करू नका. आणि दुसरं सांगितलं, की सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या.

अप्पा म्हणाले, "तिला काय झालंय? चांगली ठणठणीत हाय." बाहेर आल्यावर खालच्या आवाजात मामाला म्हणाले, "उद्या तिचं लग्न करायचंय. कशाला कागदावर आणायचं?"

मामानं ऐकलं नाही. मला परत आत नेलं. माझ्यातही तेच निघालं. हात स्थिर, बोलणं स्वच्छ, डोळे साफ, पण लिव्हरमध्ये साठायला सुरुवात झाली होती. मला जस्ताच्या गोळ्या दिल्या. त्या पोटात तांबं शोषू देत नाहीत. जन्मभर घ्यायच्या. मी आजही घेते.

भावाचा त्रास खरंच वाढला. औषध सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि त्याचं चालणं गेलं. आत्या आली आणि म्हणाली, औषधानंच पोराला पाडलं. डॉक्टरांनी सांगितलेलं अप्पांना आठवत होतं, पण डोळ्यांसमोर पोरगा कोसळताना बघून त्यांना ते खरं वाटेना. औषध बंद झालं. त्याला माहूरच्या देवीला नेलं, उचलून पायऱ्या चढवल्या. बरेच महिने तसेच गेले. शेवटी घास घशात अडकायला लागला, तेव्हा पुन्हा हैदराबाद गाठलं. औषध परत सुरू झालं आणि आजार थांबला. जे गेलं होतं ते मात्र परत आलं नाही.

अप्पांनी क्लासच्या सरांना जाऊन आजाराचं नाव सांगितलं होतं. का सांगितलं, मला ठाऊक नाही. कदाचित पोरगा मस्तीखोर नव्हता एवढं तरी कळावं म्हणून. सर म्हणाले, "प्रवेशाच्या वेळीच कळवायला पाहिजे होतं."

आणि आत्या, माझ्यासमोर, मी चहा देत असताना म्हणाली, "पोरीचं वेळेवर सापडलं अन् पोराचं न्हाई. देवाला बी उलटंच सुचतंय." कुणी तिला गप्प केलं नाही.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मी लातूरलाच शाळेत शिकवते. स्थळं येत होती. आजाराचं मी स्वतः सांगायची, मग यायची बंद झाली. भाऊ घरीच असतो. त्याला सगळं समजतं. रोज पेपर वाचून दाखवावा लागतो, निवडणुकीच्या बातम्या त्याला आवडतात. त्याचं बोलणं मला आणि आईलाच कळतं. बारावीच्या निकालाच्या दिवसात फलक बदलतात, तेव्हा त्याला त्या रस्त्यानं फिरायला नेत नाही. त्यानंच तसं सांगितलंय.

मागं एकदा आई त्याला मऊ खिचडी भरवत होती. मी गोळी घेऊन पाणी पीत होते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझं आधी निघालं असतं तर हा वाचला असता."

रागानं नव्हती म्हणाली. हिशेब तर बरोबरच होता. तो आधी आजारी पडला म्हणून मी वाचले. मी आधी पडले असते तर तो वाचला असता. हा विचार मीही कितीदा केलेला. पण त्या दिवशी मला राहवलं नाही.

"माझ्या चष्म्यासाठी गेला असता का तुम्ही दवाखान्यात? माझी मान धरून कुणी बसलं असतं?"

भावानं घास तोंडात तसाच ठेवला. आईनं चमचा खाली ठेवला आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली. मग म्हणाली, "न्हाई गेलो असतो."

"मग दोघंही हातचे गेलो असतो," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली आणि त्याला पुढचा घास दिला.